बी.फार्मला प्रवेश घेतलाय, पण डॉक्टर व्हायचंय : फार्मसीतून एमबीबीएसकडे जाणारा रस्ता नेमका कसा आहे?

दर वर्षी 'नीट'चा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या अनेक घरांमध्ये एकच चर्चा सुरू होते. एमबीबीएसला नंबर लागला नाही, मग आता काय? बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, कृषी असे पर्याय समोर येतात आणि त्यात बी.फार्म हमखास असतं. औषधांशी संबंधित क्षेत्र, चार वर्षांची पदवी, एमएचटी-सीईटीतून मिळणारा प्रवेश. मुलगा किंवा मुलगी फॉर्म भरते, कॉलेज सुरू होतं.

पण पहिल्या सेमिस्टरमध्ये शरीररचनाशास्त्राचा तास सुरू झाला की जुना प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो. आता इथून डॉक्टर होता येईल का? थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का? पदवी झाल्यावर 'नीट' देता येते का? वय निघून गेलं तर?

इंटरनेटवर या प्रश्नांची उलटसुलट उत्तरं सापडतात. काही एजंट तर 'बी.फार्मवरून एमबीबीएसला थेट प्रवेश' असं आमिषही दाखवतात. त्यामुळे नियम काय आहेत आणि त्यात विद्यार्थ्याची किती वर्षं जातात, हे नीट समजून घेऊया.

एमबीबीएसला लॅटरल एंट्री आहे का?

नाही. डी.फार्म झालेल्या विद्यार्थ्याला बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, डिप्लोमा केलेला विद्यार्थी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जातो. त्यामुळे बी.फार्मवरून एमबीबीएसलाही अशी काही सोय असेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तशी सोय नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम १४ नुसार देशातल्या एमबीबीएस प्रवेशासाठी 'नीट-यूजी' ही एकच परीक्षा आहे. सरकारी कॉलेज असो, खासगी असो, अभिमत विद्यापीठ असो किंवा व्यवस्थापन कोटा, 'नीट'शिवाय प्रवेश होत नाही. बी.फार्मला ९ सीजीपीए असला तरी एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत त्याचा एकही गुण धरला जात नाही. एम.फार्म झालेल्यांनाही हेच लागू आहे.

प्रवेश मिळाल्यावरही सूट नाही. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात कसं काम करतात हा विषय, एमबीबीएसला दुसऱ्या टप्प्यात असतो. बी.फार्मला तो चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या अशा तीन सेमिस्टरमध्ये शिकवला जातो. तरीही फार्मसी पदवीधराला एमबीबीएसमध्ये तो पेपर पुन्हा द्यावाच लागतो.

त्यामुळे कोणी 'क्रेडिट ट्रान्सफर करून थेट दुसऱ्या वर्षाला बसवतो' असं सांगून पैसे मागत असेल, तर ती फसवणूक आहे असंच समजावं.

मग 'नीट' देता येते का? वयाची अट काय?

इथे मात्र दार उघडं आहे. बी.फार्मच्या कोणत्याही वर्षाला असताना किंवा पदवीनंतरही 'नीट' देता येते. किती वेळा द्यायची यावर मर्यादा नाही.

वयाबद्दलचा गोंधळ जुन्या नियमामुळे आहे. काही वर्षांपूर्वी खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षं अशी कमाल वयोमर्यादा घालण्यात आली होती. ते प्रकरण न्यायालयातही गेलं. अखेर मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही कमाल मर्यादा काढून टाकली. आता फक्त किमान वयाची अट आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण झालेली असावीत. त्यामुळे २२ व्या वर्षी बी.फार्म पूर्ण केलेला विद्यार्थी नियमाने कुठेही अडत नाही.

बारावीला जीवशास्त्र नसेल तर?

फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बी.फार्मला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रासोबत गणित घेतलेल्यांनाही प्रवेश मिळतो. 'नीट'साठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी आणि जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हे विषय बारावी स्तरावर झालेले असावे लागतात.

बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरला गणितवाल्या विद्यार्थ्यांसाठी 'रेमेडियल बायोलॉजी' हा विषय असतो. 'आपलं बायोलॉजी झालं' असा समज त्यावरून काही जण करून घेतात. पण तो फार्मसीच्या अभ्यासक्रमातला पूरक विषय आहे, बारावीच्या जीवशास्त्राची जागा तो घेत नाही.

यावर मार्ग निघाला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये. बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर मान्यताप्राप्त बोर्डातून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून दिला असेल, तरी विद्यार्थी 'नीट'ला पात्र ठरेल, असं आयोगाने जाहीर केलं. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या भाषेत याला 'तुरळक विषय' घेऊन परीक्षेला बसणं म्हणतात. त्याचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या कित्येक महिने आधी भरावा लागतो. म्हणजे गणित गटातून आलेल्या विद्यार्थ्याला 'नीट'च्या तयारीआधी बोर्डाचं वेळापत्रक पाहावं लागेल.

फार्मसीचा अभ्यास 'नीट'मध्ये उपयोगी पडतो का?

थोडा पडतो, पण वाटतो तितका नाही.

'नीट'मध्ये ७२० गुण असतात. जीवशास्त्राला ३६०, भौतिकशास्त्राला १८० आणि रसायनशास्त्राला १८०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. प्रश्न येतात ते अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि त्यासाठी एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ वाचावी लागतात.

बी.फार्मच्या पहिल्या वर्षात मानवी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र असतं, दुसऱ्या सेमिस्टरला जीवरसायनशास्त्र येतं. ऑरगॅनिक केमिस्ट्री तर फार्मसीचा कणाच आहे. त्यामुळे जीवशास्त्रातला मानवी शरीराचा भाग आणि रसायनशास्त्राचा काही भाग सोपा जातो.

पण 'नीट'च्या जीवशास्त्रात वनस्पतींची रचना, आनुवंशिकता, उत्क्रांती, परिसंस्था हे सगळं आहे. फार्मसीच्या रोजच्या अभ्यासात यातलं फारसं काही येत नाही. त्याहून मोठी अडचण भौतिकशास्त्राची. बी.फार्ममध्ये बारावीच्या पद्धतीचं भौतिकशास्त्र हा विषयच नाही. दोन-तीन वर्षं प्रकाशकी, विद्युतचुंबकत्व यांना हात न लावलेल्या विद्यार्थ्याला १८० गुणांचा अभ्यास जवळपास पहिल्यापासून करावा लागतो.

आणखी एक अडचण वेळापत्रकाची. 'नीट' साधारणपणे मे महिन्याच्या सुरुवातीला होते. सम सेमिस्टरच्या प्रात्यक्षिक आणि लेखी परीक्षांची धावपळही उन्हाळ्यातच असते. कॉलेजची हजेरी, जर्नल, सेशनल परीक्षा सांभाळून 'नीट'ची तयारी होऊ शकते, पण दोन्हीकडे अर्धंमुर्धं होण्याची भीती असते.

स्पर्धा किती आहे?

२०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी 'नीट' दिली आणि त्यातले सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे 'नीट पास झालो' याचा अर्थ एमबीबीएसची जागा मिळाली असा होत नाही.

जुने गुण पाहून अंदाज बांधणंही धोक्याचं आहे. २०२४ च्या सुधारित निकालात १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये पेपर कठीण गेला आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते ६८६. त्यामुळे 'मागच्या वेळी इतक्या गुणांनी हुकलं, यंदा तेवढे वाढवले की झालं' हा हिशेब फसू शकतो. आपल्या प्रवर्गात कितव्या क्रमांकापर्यंत जागा मिळाली, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून भरल्या जातात, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. राज्य कोट्यासाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं ही सर्वसाधारण अट आहे. बी.फार्म कुठे केलं याचा त्याच्याशी संबंध नाही. पण बारावी कोटा किंवा हैदराबादमधून केली असेल, तर माहितीपुस्तिकेतले अपवाद बारकाईने वाचावे लागतील.

कधी बाहेर पडायचं? वर्षांचा हिशेब

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने १८ व्या वर्षी बी.फार्मला प्रवेश घेतला.

पहिलं वर्ष संपवून ती १९ व्या वर्षी बाहेर पडली, एक वर्ष पूर्णवेळ तयारी केली आणि जागा मिळाली, तर इंटर्नशिपसह एमबीबीएस होईपर्यंत ती साडेपंचवीस वर्षांची असेल.

तिने आधी बी.फार्म पूर्ण केलं, म्हणजे २२ वं वर्ष. तयारीचं एक वर्ष धरलं तर २३. एमबीबीएस होईपर्यंत साडेअठ्ठावीस. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, ती धरली तर साडेएकोणतीस. त्यानंतर एमडी किंवा एमएससाठी 'नीट-पीजी' आणि आणखी तीन वर्षं. म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर म्हणून काम सुरू करताना वय ३२ च्या पुढे.

हे सगळं पहिल्याच प्रयत्नात 'नीट'ची जागा मिळाली असं धरून. प्रत्येक जादा प्रयत्नाला एक वर्ष वाढतं.

यातून तीन परिस्थिती समोर येतात.

पहिल्या वर्षात असाल तर गमावण्यासारखं सर्वांत कमी असतं. अकरावी-बारावीचा अभ्यास ताजा असतो. गेल्या 'नीट'मध्ये थोडक्यात संधी हुकली असेल, तर आणखी एका प्रयत्नाचा विचार रास्त आहे. मात्र परत फार्मसीत यायचं झालं तर जागा राहील का, हे विद्यापीठाच्या नियमांत आधीच पाहावं आणि कॉलेजकडून लेखी घ्यावं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात निर्णय सर्वांत अवघड होतो. दोन वर्षं बी.फार्म केलं म्हणून डी.फार्मचं प्रमाणपत्र मिळत नाही. मध्येच सोडलं आणि 'नीट'मध्येही यश आलं नाही, तर हाती फक्त बारावी उरते.

तिसरं वर्ष संपलं असेल तर पदवी पूर्ण करणं जवळपास नेहमीच शहाणपणाचं. एका वर्षात फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करता येते. मग नोकरी करत किंवा सुट्टी घेऊन 'नीट' देता येते आणि अपयश आलं तरी हातात व्यवसाय राहतो.

पैशांचं काय?

एमबीबीएसचा खर्च कुठे प्रवेश मिळतो यावर ठरतो. सरकारी कॉलेजचं शुल्क खासगीच्या मानाने बरंच कमी आहे. खासगी कॉलेजांत ते वर्षाला काही लाखांत जातं आणि राज्यातल्या अनेक अभिमत विद्यापीठांत २० लाखांच्या पुढे. त्यामुळे 'जागा मिळाली' एवढं पुरत नाही, कोणती जागा मिळाली हे पाहावं लागतं.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा यातून वगळले आहेत. पण आधी एक व्यावसायिक पदवी झाली असेल, तर दुसरीसाठी सवलत किंवा शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही. प्रत्येक योजनेचे नियम वेगळे आहेत. बी.फार्म पूर्ण करून मग एमबीबीएसचा विचार करणाऱ्यांनी हे समाजकल्याण किंवा संबंधित विभागात आधीच विचारून घ्यावं.

कॉलेज सोडताना मूळ कागदपत्रांवरून वाद होतात. एमबीबीएस प्रवेशाच्या वेळी बारावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र लागतं आणि ते फार्मसी कॉलेजकडे अडकलेलं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थांना विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. तरीही प्रवेश रद्द करण्याचा अर्ज वेळेत आणि लेखी द्यावा, पोच घ्यावी.

फार्मसीवाल्यांसाठी ब्रिज कोर्स का नाही?

महाराष्ट्रात हा प्रश्न वारंवार विचारला जातो, कारण होमिओपॅथी डॉक्टरांसाठी असा एक अभ्यासक्रम आहे. २०१४ मध्ये राज्याने कायद्यात बदल केला आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा 'सीसीएमपी' अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना मर्यादित प्रमाणात ॲलोपॅथीची औषधं देण्याचा मार्ग खुला झाला. त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यातले ॲलोपॅथी डॉक्टर एक दिवसाच्या संपावरही गेले.

मग चार वर्षं औषधांचाच अभ्यास केलेल्या फार्मासिस्टना ही संधी का नाही? कारण होमिओपॅथ हे आधीच नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक असतात. रुग्ण तपासणं, निदान करणं हा त्यांच्या पदवीचा भाग आहे. फार्मसीचं शिक्षण औषधाभोवती फिरतं. औषध कसं तयार होतं, कसं काम करतं, कशासोबत देऊ नये, हे फार्मासिस्टला कळतं. पण पोटात दुखतंय म्हणून आलेल्या रुग्णाला ॲपेंडिक्स आहे की आणखी काही, हे ओळखण्याचं प्रशिक्षण त्यात नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षं मुख्यतः त्यासाठी असतात.

फार्म.डी केलं तर डॉक्टर होता येतं का?

२००८ मध्ये भारतात फार्म.डी हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. बी.फार्म झालेल्यांना त्यात चौथ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि तीन वर्षांत तो पूर्ण होतो. शेवटचं वर्ष रुग्णालयात इंटर्नशिपचं. वॉर्डमध्ये डॉक्टरांसोबत राउंड घेणं, डोस तपासणं, औषधांचे दुष्परिणाम नोंदवणं हे यात येतं.

रुग्णांच्या जवळ काम करायचं असेल, तर हा चांगला पर्याय आहे. पण फार्म.डी म्हणजे एमबीबीएस नव्हे. त्यावर स्वतंत्रपणे निदान करून उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. शिवाय भारतातल्या रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टची पदं अजून कमी आहेत, हेही ध्यानात ठेवावं.

परदेशात जाऊन एमबीबीएस?

'नीट' टाळण्यासाठी म्हणून हा रस्ता उपयोगाचा नाही. परदेशात शिकून भारतात प्रॅक्टिस करायची, तर 'नीट' पात्र असावंच लागतं. २०२१ च्या नियमांनुसार तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. जुलै २०२३ च्या सत्रात ती देणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्केच उत्तीर्ण झाले, जून २०२४ च्या सत्रात सुमारे २१ टक्के.

अमेरिकेत चित्र वेगळं दिसतं. तिथे आधी कोणत्याही विषयातली पदवी, मग एमकॅट परीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचं एमडी. त्यामुळे तिथे फार्मसी करून मेडिकलला जाणारा विद्यार्थी वेगळा वाटत नाही. तिथली उदाहरणं वाचून इथेही तसंच होईल असं अनेकांना वाटतं. भारतात मात्र वैद्यकीय शिक्षणाचा रस्ता थेट बारावीतून निघतो, त्यामुळे पदवीधरालाही पुन्हा बारावीच्या रांगेत उभं राहावं लागतं.

निर्णय घेण्याआधी काय करावं?

कॉलेज सोडण्याआधी मागच्या दोन वर्षांचे 'नीट'चे पेपर घड्याळ लावून, पूर्ण तीन तास बसून सोडवावेत. भौतिकशास्त्रात आपण कुठे आहोत, हे तेवढ्यानेही कळतं. मग किती प्रयत्न करायचे याचा आकडा घरच्यांसोबत बसून आधीच ठरवावा. 'होईपर्यंत देत राहायचं' या भरवशावर तीन-चार वर्षं सहज निघून जातात.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारावा. नेमकं काय हवं आहे? रुग्ण तपासायचे आहेत, निदान करायचं आहे, शस्त्रक्रिया करायची आहे, तर ॲलोपॅथीत त्याला एमबीबीएसशिवाय पर्याय नाही आणि त्यासाठी वर्षं देण्याची तयारी हवी. पण औषधांमध्ये, संशोधनात रस असेल, किंवा सरकारी नोकरी हवी असेल, तर जीपॅट देऊन एम.फार्म, नायपरसारख्या संस्था, क्लिनिकल रिसर्च, औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारं फार्माकोव्हिजिलन्स, अन्न व औषध प्रशासनातलं औषध निरीक्षकाचं पद हे रस्ते बी.फार्मवरूनच निघतात. त्यासाठी 'नीट' लागत नाही आणि बारावीपासून पुन्हा सुरुवातही करावी लागत नाही.